केम्मूचा हंगाम

फाल्गुन लागला की आमच्या गावाला खोकला लागतोय. एकाला न्हाय, सगळ्यास्नीच. रानातला तंबाखू वाळून वखारीत आला की त्यो बडवायचं, चाळायचं काम सुरू हुतंय, आन त्येची धूळ उन्हात नुसती उभी ऱ्हाती. खाली पडत न्हाय, उडून जात न्हाय. उभी. निपाणीस्नं आमच्या गावाकडं वळलं की वळणावरच नाकाला झोंबती. नवीन मानूस असलं तर शिंकून शिंकून बेजार. आमास्नी काय न्हाय. चा पिताना खोकायचं, भांडताना खोकायचं, देवळात आरतीला बी खोकायचं. आरतीत टाळ कुठला आन खोकला कुठला कळत न्हाय.

यंदा बी धूळ आली. आन मला खोकला आला. दिस मोजल्यात मी, पर किती त्ये परवापतोर कुणाला सांगितलं न्हवतं. खोकला खरा हाय. खोकल्यासारख्या खोकल्याला खरा हाय म्हणून सांगायची पाळी माझ्यावर का आली, त्येला तीन वर्सं झाली. तवा बी हेच दिस हुते. हीच धूळ. फरक एवढाच की तवा सगळा गाव खोकत हुता खरा, आन मी एकटी खोटा.

मी हौसा. शाळा दुसरीपतोर. त्येच्या फुडं वखार. तीस वर्सं वखारीत बसून तंबाखू चाळला. पदर नाकावरनं डोस्क्यामागं बांधायचा, डोळं तेवढं उघडं, आन चाळणी हलवायची. घरी जाताना गुळाचा खडा तोंडात धरायचा, म्हंजे घसा मोकळा हुतोय. नवरा लौकर गेला. पोरं दोन. थोरला मारुती, धाकटी रेखा. रेखाला चिकोडीला दिली.

गाठ मला आंघोळीला बसल्यावर हाताला लागली. डाव्या अंगाला, वालाच्या दाण्याएवढी. दुखत न्हवती. आमी दुखत न्हाय त्येला आजार म्हणत न्हाय. दसऱ्याला वालाएवढी हुती, संक्रांतीला आवळ्याएवढी झाली, तवा मारुतीला सांगितलं. त्ये बी कसं, भिंतीकडं तोंड करून. पोराला आईनं असलं काय सांगायचं. त्यो बी भिंतीकडंच बघून म्हणाला, "उद्या बेळगावला जाऊ."

बेळगावच्या दवाखान्यात सुई टोचून तपासलं, मशिनीत घातलं, परत बोलावलं. डॉक्टर मारुतीसंगं बोलत हुता, मी बाकड्यावर. तवा एक नर्स पोरगी माझ्या हातात कागद द्यायला आली आन हसून म्हणाली, "अज्जी, नाळिंद केमो."

नाळिंद म्हंजे उद्यापासनं, येवढं कानडी आमास्नी येतंय. आन केम्मू म्हंजे खोकला, त्ये बी येतंय. म्हटलं, ह्या पोरीचा कागद चुकला. मी तिला तिच्या भाषेत सांगितलं, "ननग केम्मू इल्लव्वा." मला खोकला न्हाय बाई.

ती हसायला लागली. तोंडाला हात लावून हसली. "केम्मू अल्ल अज्जी! केमो, केमो!"

मी बी हसले. तिचं बघून. काय कळलं न्हवतं, तरी हसले.

मंग मारुतीनं जिन्यापाशी नेऊन सांगितलं. "आई, ही सलाईन असती. गाठ बारीक करायची. एकवीस दिसांनी एक, अशा आठ. मंग ऑपरेशन."

"म्हंजे त्यो रोग?"

"त्योच," म्हणाला. नाव त्येनं घेतलं न्हाय, मी बी घेतलं न्हाय. जिन्यावरनं मानसं वर-खाली करत हुती, आमी भिंतीला चिकटून उभं.

बसमदी बसलो आन रेखाचा फोन. रेखाला तवा सातवा लागत हुता. तिचं पहिलं पाचव्या म्हैन्यात गेलं हुतं, आन ह्या खेपेला चिकोडीच्या डॉक्टरणीनं बजावलं हुतं, बीपी वाढतंय, पोरीला ताण द्यायचा न्हाय. आईला दवाखान्यात नेलंय एवढं तिला कुठनं तरी कळलं हुतं. "आई, काय म्हणाले गं डॉक्टर?"

तोंडात त्यो एकच शब्द ताजा हुता.

"केम्मू हाय म्हणत्यात गं."

"खोकला? एवढ्यासाठी बेळगाव?"

"मारुती ऐकतोय व्हय कुणाचं."

ती हसली. पोरगी हसली म्हटल्यावर माझ्या जीवाला बरं वाटलं. मारुती खिडकीतनं भाईर बघत बसला. बस उसाच्या गाड्यांमागं रांगत हुती, आन माझी ती खोकल्याची गोष्ट तिथंच कायमची बसली. ती मंग मला काय उठवता आली न्हाय.

मी मला समजावत ऱ्हायले की मी खोटं बोलत न्हाय. कुठं जाताय? छातीच्या डॉक्टरकडं. खोटं हाय काय? काय हाय? केम्मू. आता कानडी-मराठीत एक अक्षर हिकडं तिकडं हुतंयच, आमच्याकडं तर सगळंच हुतंय. किती दिस? डॉक्टर सांगंल तवर. सगळं खरं. आन सगळ्या खऱ्याच्या मदी मी बसलेले, चहूबाजूनं बांधून घेतल्यासारखी.

पहिलं बाळंतपण म्हायेरी. ही रीत मोडायची तर कारण द्यायला लागतंय. काय कारण देऊ? ईनबाई, म्हंजे रेखाची सासू, वाईट न्हाय, पर तिची जीभ कात्रीवानी. घरात कानडी बोलती, आमच्यासंगं मराठी. राग आला की कानडी, आन लाड आला तरी कानडी. तिच्या कानावर गेलं असतं तर पहिला सवाल काय आला असता मला ठाव हुतं. आईला हाय, म्हंजे लेकीला बी हुणार काय? आन त्यो सवाल रेखाच्या कानावर जायचा, पोटात पोर, फुडं अंगावर पाजायचं. ज्या अंगावर पाजायचं त्याच अंगाचं भ्या. म्हटलं, बाळ भाईर यिऊ दे, चार म्हैने अंगावर पिऊ दे, मंग बघू.

पहिली सलाईन लाल हुती. कोकमाच्या सरबतावानी. ती थेंब थेंब आत जाताना काय हुत न्हाय, बाई बाजूच्या बाईसंगं बोलत बसती. घरी आल्यावर तिसऱ्या दिसापासनं तोंडाला पितळंची चव. भाकरी पितळ, पाणी पितळ. तोंडात फोड. आन वास. तीस वर्सं ज्या तंबाखूचा वास मला वासच वाटला न्हाय, त्यो आता दाराच्या फटीतनं, कौलातनं, धुतलेल्या लुगड्यातनं यायला लागला. पोटातलं सगळं वर. गावाच्या भाईर पळून जावं तर कुठं? पंधरा-वीस मैलात सगळीकडं तोच हंगाम. मानूस नाक धरून किती दिस बसंल?

दुसऱ्या सलाईनीनंतर केस. फणी घातली की फणीसंगं येणी येत हुती. आमच्याकडं केस टाकत न्हाईत. विंचरलेलं गुंतवळ भिंतीच्या भोकात कोंबून ठेवायचं, आन दारावरनं "केसावर भांडीऽऽ" म्हणत बाई आली की तिला द्यायचं. वर्सभराच्या गुंतवळावर चमचा मिळतोय. मी कपाळापासनं मानंपतोर सगळं काढून तिच्या फुडं ठेवलं. ती गुडघ्यावर बसून बघत ऱ्हायली. "आक्का, एवढं एका टायमाला?"

"साठवलेलं."

तिनं येणी हातात घेतली, सोडली, परत घेतली. तिला कळलं. त्या धंद्यातल्या बाईला न कळून कसं चालंल? गाठोड्यातनं एक वाटी काढली, जाड, काठाला नक्षी. आमच्या गुंतवळाला तसली वाटी कुणी देत न्हाय. "घ्या," म्हणाली आन उठून गेली. फुडच्या गल्लीत गेल्यावर मंग तिची हाळी ऐकू आली.

म्हटलं, नातवंडाच्या तेलाला हुईल.

डोस्क्याला मी वखारीतला पदर बांधला, घट्ट, कानावरनं. वखारीच्या बाईनं पदर बांधला तर कोण इचारतंय? आन फाल्गुनात गावात खोकल्याला बी कोण इचारत न्हाय. म्हटलं, देवानं माझा हंगाम बरा बघून दिलाय.

रेखा आली. ईनबाई सोडायला आली, दोन पिशव्या, एक फणस, आन शंभर सूचना. तिच्या फुडं मी पहिल्यांदा खोकले. खोटं खोकायला बसलं की कळतंय, त्ये किती अवघड काम हाय. खरा खोकला सोताहून येतोय आन सोताहून जातोय. खोट्याला आठवण ठेवाय लागती. अर्धा तास झाला, खोकायचं ऱ्हायलं. आंगणात मानूस आलं, खोका. फोड आलेल्या घशातनं एक-एक खोकला म्हंजे काटा ओढून काढल्यागत. बेळगावला जायच्या दिशी जरा जास्त खोकायचं, आल्यावर जरा कमी, म्हंजे औषध लागू पडलं असं वाटावं. ह्यो हिशोब मी सकाळी उठल्यापासनं करायची.

वखारीतली माझी जोडीदारीण शेवंता. माझ्या चाळणीला तिची चाळणी लागूनच असायची, वर्सानुवर्सं. ती एक दिस बघायला आली. मी खोकले. ती डोळं बारीक करून बघत बसली.

"परत खोक."

"काय?"

"खोक म्हणते न्हवं."

मी खोकले.

"हौसे, ह्यो वखारीचा खोकला न्हवं. वखारीचा खोकला टाचंतनं येतोय. तुझा गळ्यातनं येतोय, त्ये बी लाजत लाजत." मंग आवाज खाली आणून म्हणाली, "काय लपवतीस?"

मी पदर वर केला. येवढाच, कानापतोर. तिनं बघितलं आन परत खाली ओढून दिला. माझ्या हातानं न्हाय, तिच्या हातानं. जाताना उंबऱ्यावरनं म्हणाली, "खोकायचंच हाय तर नीट तरी खोक. आदी श्वास आत वढ, मंग पोट दाब. पोरीला फसवायला निघाल्यात, खोकायला येत न्हाय!"

तिनं शिकवलं मला. आमी दोघी म्हाताऱ्या मागल्या खोलीत दार लावून खोकायचा सराव केला. हसू आलं की तिला खरा खोकला यायचा, आन त्यो ऐकून मी तसाच करायची. ह्या सगळ्या दिसात मी खळखळून हसले असंल तर तेवढंच.

पोरगी झाली. निपाणीच्या दवाखान्यात, सुखरूप. मी जाऊ शकले न्हाय, सलाईन घेऊन दुसराच दिस हुता, उभं ऱ्हायलं की घर फिरत हुतं. शेवंता गेली. तिसऱ्या दिशी रेखा घरी आली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकायला दारात, हात फुडं केलं, आन रेखानं पोरीला छातीशी धरून एक पाऊल मागं घेतलं.

"आई, लांबनं बघ. डॉक्टरीण म्हणाली, घरात कुणाला खोकला असंल तर बाळाजवळ यिऊ द्यायचं न्हाय. तुझा जाईपतोर वाईच दम काढ."

करोना जाऊन तवा लई दिस झालं न्हवतं. खोकल्याला मानसं अजून बिचकत हुती. पोरीचं काय चुकलं? काय बी न्हाय. मी हात मागं घेतलं आन भाकरीचा तुकडा लांबनंच टाकला. मंग खोकले. खोकायलाच पायजे हुतं.

आमचं घर म्हंजे फुडची खोली, सैपाकाची, आन मागं एक, तिच्यात पूर्वी तंबाखूचं बोद, म्हंजे मोठाली पोती, ठेवायचो. त्या मागल्या खोलीत माझं आथरूण पडलं. दार उघडं असलं तरी उंबऱ्याच्या अलीकडं मी आन पलीकडं ती. खिडकी वखारीच्या अंगाला. उघडावी तर धूळ, लावावी तर जीव घाबरा. भिंतीला कान लावून मी नातीला वळखायला शिकले. भुकंचं रडणं बारीक, चढत जाणारं. शू झाली की नुसती कुरकुर. उचकी लागली की रेखा घाबरती, मी हिकडनं सांगायची, "कपाळाला वल्ला धागा लाव." कधी तिला ऐकू जायचं, कधी न्हाय. डिंक तळल्याचा वास यायचा, ओवा-शेप्याची धुरी यायची, बाळाच्या डोस्क्यावर घालायच्या तेलाचा वास यायचा, आन हे सगळं मी करायचं हुतं. आईच्या घरी आलेली लेक आन आई भिंतीपलीकडं खोकत बसलेली.

बाळाला न्हाऊ घालायला शेवंता यायची. तिला खरा खोकला, तीस वर्साचा. पायावर पोरगी घेऊन ती खोकला गिळायची. मी भिंतीपलीकडनं ऐकायची. पाण्याचा आवाज, पोरीचं रडणं, आन मदीच शेवंताचा श्वास अडकायचा, तांब्या थांबायचा, आन परत पाणी सुरू. माझा खोटा भाईर पडत हुता आन तिचा खरा आत कोंडत हुता. न्हाणं झालं की ती मागच्या दारी जाऊन वाकून वाकून खोकायची. येताना वाटी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठिवायची, तेलाची, तीच नक्षीची. "पुसून ठेव," म्हणायची. वाटीला बाळाच्या अंगाचा वास असायचा. मी ती लौकर पुसत न्हवते.

मदी रक्त तपासायला बेळगावला गेले तवा त्या नर्स पोरीला इचारलं, "केमोच्या बाईनं बारकं बाळ घेतलं तर चालतंय?"

"सलाईननंतर दोन-तीन दिवस जाऊ द्या अज्जी, मग हात स्वच्छ धुवून घ्या की. का न्हाई?"

तिनं एवढं सहज सांगितलं. मी पाटीवरची कानडी अक्षरं बघत बसले, एक बी वाचता येत न्हाय. केमोच्या बाईला बाळ घेता येतंय. केम्मूच्या बाईला न्हाय. मी आपल्या हातानं रोग बदलून घेतला हुता.

"आई, सांगून टाक," मारुती बसमदी म्हणाला.

"बारसं हुईपतोर गप ऱ्हा."

"बारसं झाल्यावर?"

"गप रं."

बाराव्या दिशी बारसं. ईनबाई आली, चिकोडीच्या चार बाया घेऊन. पाळण्याला फुगं, दारात रांगोळी. मी मागल्या खोलीत. शेजारच्या बाया येऊन उंबऱ्यापाशी थांबून "कसं हाय?" म्हणायच्या आन मी खोकून दाखवायची. नाव ठेवलं, सान्वी. कुरर्र झालं. हे सगळं मी आवाजावरनं बघितलं.

मंग जेवणं झाल्यावर ईनबाईचा आवाज आला. आदी मराठीत. "रेखाच्या आईची थुंकी तपासली काय? टीबी बिबी असंल."

"न्हाय हो आत्या, डॉक्टर बघत्यात की," रेखा म्हणाली.

"तीन म्हैने झालं. कसला केम्मू ह्यो?" मंग कानडी सुरू झाली, म्हंजे राग आला. "कूसिन हत्र ब्याड." बाळाच्या जवळ नको. आन मंग परत मराठीत, सगळ्यास्नी कळावं म्हणून, "मी सांच्यालाच रेखाला आन बाळाला घिऊन जाते. सव्वा म्हैना आमच्याकडं करू. सामान भरा."

रेखाचं टाकं अजून वल्लं हुतं. तिला नीट बसता येत न्हवतं. पिशवीची चेन वढल्याचा आवाज झाला.

मी उठले. उंबऱ्यावर आले. चिकोडीच्या बायांनी पदर नाकाला लावलं. म्हटलं, "ईनबाई, पोरगीला न्हिऊ नका. मला केमो हाय."

"गोत्तैत्री," ती म्हणाली. ठाव हाय. "केम्मू हाय म्हणूनच नेते न्हवं."

"केम्मू न्हवं हो. केमो."

"तेच की, केम्मू!"

"केमो!"

"अहो बाई, कळलं मला, केम्मू! ओरडताय कशाला?"

एक बाई फिसकन हसली. मी आयुष्यभर एवढं खरं कधी बोलले नसंन, आन खरं सुदिक खोट्याच्याच आवाजात भाईर पडत हुतं. तीन म्हैने मी ज्या शब्दाच्या मागं लपले त्यो आता मला भाईर यिऊ देत न्हवता. दार तेच, कडी तीच.

मंग मी पदर सोडला. डोस्क्यामागची गाठ सुटंना, शेवंता माझ्या मागं कधी येऊन उभी ऱ्हायलीवती, तिनं सोडली. पदर खांद्यावर पडला.

पाळण्याची दोरी कुणाच्या तरी हातात हुती, ती थांबली. ईनबाई बघत ऱ्हायली. मंग हळू म्हणाली, "यल्लि?" कुठं?

मी डाव्या अंगावर हात ठेवला.

आन आला. ज्या सवालाला मी तीन म्हैने भीत हुते, त्यो आला, त्याच शब्दात. "मंग हिला बी हुणार काय? आन ह्या पोरीला?"

रेखा पिशवी धरून उभी. तिच्या कुडत्यावर दुधाचा डाग. मी तिच्याकडं बघितलं न्हाय, बघितलं असतं तर परत खोकले असते.

"ठाव न्हाय," म्हटलं. "हुईलच असं न्हाय. डॉक्टर म्हणतोय, तिनं तपासत ऱ्हायला पायजे. माझ्यावानी गप बसायचं न्हाय."

ईनबाई खाली बसली. मला वाटलं आता उठंल आन पोरगीला घिऊन चालाय लागंल. ती उठली. पाळण्याकडं गेली. सान्वीला काढलं. पोरीचं टोपडं निसटलं, तिच्या बी डोस्क्यावर केस न्हवतं, तेल लावून चकचकीत. ईनबाई एकदा तिच्याकडं बघती, एकदा माझ्याकडं. मंग माझ्याकडं यायला लागली. मी हात फुडं केलं.

"हात धुवा आदी," ती म्हणाली.

मोरीवर जाऊन मी हात धुतलं. साबण लावून, कोपरापतोर. परत धुतलं. शेवंता पाणी घालत हुती आन खोकत हुती, खरं खरं, मोकळं सोडून.

वखारीत आमी हातावर पेंडी घेतली की वजन सांगायचो. सान्वीला घेतलं आन हात बोलला, तीन किलोला वाईच कमी. दवाखान्याच्या कागदावर किती हुतं मी कधी बघितलं न्हाय.

ईनबाई आठ दिस आमच्याकडं ऱ्हायली. रेखाला नेलं न्हाय. स्वैपाकाला हातभार लावला, आन मला येता-जाता कानडीत बोलत हुती, त्ये रागानं का लाडानं मला अजून सांगता येत न्हाय.

रेखा मातर दोन दिस माझ्यासंगं बोलली न्हाय. तिसऱ्या दिशी दुपारी पोरीला पाजत बसलीवती, मान खाली. म्हणाली, "तू झोपेत कधी खोकत न्हवतीस. मला वाटायचं, चला, औषध लागू पडतंय. मी देवाला नारळ बोललेवते, खोकल्यासाठी."

मी पोरीच्या टोपड्याची घडी घालत बसले.

"उद्या माझ्या हाताला गाठ लागली आई, तर मी कुणाला सांगू? तू मला काय शिकवणार हुतीस? खोकायला?"

तिनं पोरीला ह्या अंगावरनं त्या अंगावर घेतलं आन पदर सारखा केला. तो पदर सारखा करताना तिचा हात जरा जास्त येळ थांबला, चाचपल्यागत. मी त्ये बघितलं. माझ्यामुळं पोरीच्या अंगात ती सवय बसली. चांगली सवय हाय म्हणत्यात डॉक्टर. असंल.

मंग राहिलेल्या सलाईनी झाल्या, बोटांची टोकं बधिर झाली, ऑपरेशन झालं, डावी बाजू गेली. केस आलं, पांढरं आन कुरळं, पूर्वी कधी कुरळं न्हवतं. आता सहा म्हैन्यानी बेळगाव. मानसं म्हणत्यात, सुटलीस. सुटले कसली? सहा म्हैन्याच्या रजेवर सोडत्यात. रजा संपायच्या आदल्या आठवड्यात ताट फुडं आलं तरी घास पितळंचा लागतोय. एकदा त्या खोलीत बसलेलं मानूस भाईर आलं तरी खोली संगं घिऊन हिंडतंय.

सान्वी आता तीन वर्साची हुईल. तिच्या आईनं तिला काय सांगितलंय ठाव न्हाय, पर मी फोनवर जरा ठसकले की ती इचारती, "आज्जी, केम्मू का केमो?" दोन्ही शब्द कसं सोच्छ येगळं म्हणती! जिभंला काय त्रासच न्हाय. घरात दोन भाषा असल्या तर पोरांस्नी तसं हुतंय.

आन यंदा हा खोकला. शेवंतानं ऐकला. डोळं मिटून ऐकला. "खरा हाय," म्हणाली. मंग म्हणाली, "पर वखारीचा वाटत न्हाय मला." आन लगेच, "मला काय कळतंय, कान गेल्यात माझं." तपासणीला अजून म्हैना हाय. धूळ तर हायच. गाव तर खोकतोयच. म्हटलं, जाऊ दे. एक म्हैना काय, असाच जाईल. कुणाला सांगायचं, रेखाचं आता परत पोट आलंय, पाचवा चालू हाय, ह्याच पाचव्यात पहिलं गेलंवतं.

परवा सकाळी तिचा फोन आला. हिकडचं तिकडचं बोलत हुतो. मी फोन तोंडापासनं लांब धरून खोकले, आवाज जाऊ नये म्हणून. गेला.

"आई."

"धूळ गं. तुला ठाव न्हाय व्हय हंगाम."

"फोन जवळ घे आन खोक बघू."

"आता खोक म्हटल्यावर खोकला येतोय व्हय?"

"खोक म्हणते न्हवं."

शेवंतासारखीच म्हणाली. मी खोकले. खोकायला काय कराय लागलं न्हाय, त्यो वाटच बघत हुता. टाचंतनं आला. थांबला तवा फोनमदी तिच्या घरातला पंखा ऐकू येत हुता. तिचा दुसरा हात तवा कुठं हुता, पोटावर का पदराखाली, मला दिसत न्हवतं.

"किती दिस झालं?" तिनं इचारलं.

तोंडात 'दोन' आलंवतं. खिडकीच्या भाईर धूळ उभी हुती, वखारीतनं कुणीतरी खोकत हुतं.

"सतरा," म्हटलं. "ये. तुझ्यासंगं बेळगावला जाते."